नगरसेवक निवडून आला, पुढे काय?

महापालिकेचा निकाल लागला, की आठवडाभर चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक झळकतात. त्यांवर नव्या नगरसेवकाचे हात जोडलेले असतात आणि खाली ‘आपला सेवक’ अशी ओळ असते. फलक उतरले, की मतदाराच्या मनातील नगरसेवक पुन्हा जुन्या चौकटीत जाऊन बसतो. तुंबलेले गटार, न आलेले पाणी, शाळेतील प्रवेश, रुग्णालयातील खाट आणि अडीअडचणीला रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात येणारा ओळखीचा माणूस, एवढीच त्याची ओळख उरते. ही कामे क्षुल्लक आहेत, असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्या घरात पाणी आलेले नाही, त्याला घटनात्मक तरतुदी सांगून उपयोग नसतो. तथापि कायद्याने नगरसेवकाला ज्या कामासाठी सभागृहात बसविले आहे, ते काम याहून वेगळे आहे. त्या कामाची चर्चा प्रचारात होत नाही आणि निवडून आल्यानंतर तर नाहीच नाही.

ही चर्चा आता करण्याचे कारण आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले, तेव्हा अनेक शहरांतील नागरिक जवळपास चार वर्षांनी आपला प्रतिनिधी निवडत होते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी, तर पुण्याची त्यानंतर आठवड्याने संपली. काही महापालिकांत २०२० पासूनच प्रशासक होते. महापालिकेची मुदत पाच वर्षांचीच असेल आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट केले आहे. किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच बजावले होते. तरीही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील फेरबदल आणि न्यायालयीन तारखा यांत वर्षे सरली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कालमर्यादा घालून द्यावी लागली आणि पुढे ती वाढवूनही द्यावी लागली.

या काळात शहरे बंद पडली नाहीत. कचरा उचलला जात होता, रस्ते खोदले आणि बुजवले जात होते, अर्थसंकल्पही सादर होत होते. मुंबईचा २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प लोकनियुक्त सभागृहाविनाच मंजूर झाला. साहजिकच सुशिक्षित नागरिकांतून एक सूर ऐकू आला : नगरसेवक नसल्याने बिघडले काय? उलट टक्केवारी थांबली, कामे वेगाने झाली! हा प्रश्न उर्मट वाटला तरी प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी नव्या सभागृहांवर आहे.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. प्रशासकाच्या काळात आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडणारा आणि स्थायी समिती व सर्वसाधारण सभेच्या वतीने तो मंजूर करणारा अधिकारी एकच होता. एका सहीने मागायचे आणि दुसऱ्या सहीने द्यायचे. तो अधिकारी कितीही सचोटीचा असला, तरी त्याला जाहीरपणे ‘का’ असे विचारणारे त्या इमारतीत कोणी नव्हते. त्याची नेमणूक मंत्रालयातून होते, बदलीही तेथूनच. तो उत्तरदायी असतो, पण वरच्या दिशेने. करदात्याच्या दिशेने उत्तरदायित्व आणणारा एकमेव दुवा म्हणजे नगरसेवक.

उत्तराचा दुसरा भाग अवघड आहे, कारण हा दुवा मुळातच कच्चा ठेवलेला आहे. मुंबईसाठी १८८८ चा आणि इतर शहरांसाठी १९४९ चा, असे दोन कायदे महापालिकांचा कारभार चालवतात. दोन्हींचे सूत्र एकच : धोरण आणि मंजुरी सभागृहाकडे, अंमलबजावणी आयुक्तांकडे. महापौर शहराचा प्रथम नागरिक खरा. परंतु अडीच वर्षांच्या त्या पदाला सभेच्या अध्यक्षस्थानापलीकडे कार्यकारी अधिकार जवळजवळ नाहीत. सभागृहाने केलेला ठराव कायद्याशी वा जनहिताशी विसंगत वाटल्यास राज्य सरकार तो निलंबित किंवा विखंडित करू शकते. नवी मुंबईच्या सभागृहाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमताने अविश्वास दाखवला. तरीही ते पुढे काही महिने पदावर राहिले. त्या ठरावाच्या योग्यायोग्यतेवर मतभेद असू शकतात. मात्र महापालिकेत अखेरचा शब्द कोणाचा, हे त्या निमित्ताने सर्वांना कळले.

असे असले, तरी नगरसेवकाच्या हाती काहीच नाही, ही समजूतही चुकीची आहे. करांचे दर सभागृहाच्या संमतीविना बदलत नाहीत. आयुक्तांनी मांडलेल्या अंदाजपत्रकात आधी स्थायी समिती आणि मग सर्वसाधारण सभा फेरफार करू शकते. ठरावीक रकमेवरील कंत्राटे स्थायी समितीपुढे यावीच लागतात. शहराचा विकास आराखडा, म्हणजे पुढील वीस वर्षांत कोठे शाळा, कोठे मैदान आणि कोठे इमारती, याचा निर्णयही सभागृहातून जातो. एखाद्या भूखंडावरील उद्यानाचे आरक्षण उठवण्याचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर येतो, तेव्हा त्या एका हात वर करण्याची किंमत त्या नगरसेवकाने पाच वर्षांत बसवलेल्या सगळ्या बाकड्यांहून अधिक असते.

दुर्दैवाने नेमक्या याच ठिकाणी आपली सभागृहे कमी पडत आली आहेत. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचे उदाहरण बोलके आहे. सभागृहात त्याचा घोळ इतका लांबला, की मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. शहराच्या भवितव्याचा सर्वांत मोठा दस्तऐवज लोकप्रतिनिधींच्या हातून निसटला, पण त्यासाठी पुढील निवडणुकीत कोणाला जाब विचारला गेल्याचे स्मरत नाही. पुण्यात अंदाजपत्रकातील ‘स’ यादीवर मात्र वर्षानुवर्षे हिरिरीने चर्चा होते. आपल्या प्रभागासाठी किती तरतूद मिळाली, बाकडी किती, नामफलक किती, कापडी पिशव्या किती! अब्जावधींचे प्रकल्प ऐनवेळच्या विषयांत मिनिटभरात मंजूर होतात आणि स्वागत कमानीवरून सभा तहकूब होते.

यात दोष एकट्या नगरसेवकाचा नाही. उमेदवारी मागणाऱ्याची पात्रता कायद्याने तपशीलवार ठरवली आहे. वय २१ वर्षे पूर्ण हवे, शहराच्या मतदारयादीत नाव हवे, महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध नसावा. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा अधिक झालेली नसावी, स्वतःचे वा जोडीदाराचे बेकायदा बांधकाम नसावे. आरक्षित जागेवर उभे राहायचे, तर जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर केले पाहिजे. मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे यांचे शपथपत्र जोडावे लागते. पण अंदाजपत्रक वाचता येते काय, विकास नियंत्रण नियमावली कधी चाळली आहे काय, हे ना कायदा विचारतो ना पक्ष. लोकशाहीत तशी परीक्षा असूही नये. ती परीक्षा मतदाराने घ्यायची असते.

मतदार ती घेत नाही, कारण तोवर निवडणुकीचा सगळा हिशेब पैशाच्या भाषेत मांडला गेलेला असतो. मुंबईत उमेदवाराला १५ लाख रुपयांपर्यंत अधिकृत खर्च करता येतो. २०१७ मध्ये ठरलेल्या दरानुसार मुंबईच्या नगरसेवकाचे मानधन दरमहा २५ हजार रुपये. साठ महिन्यांचे मानधन एकत्र केले, तर आकडा येतो बरोबर १५ लाख. म्हणजे नियमांत राहून पुरेपूर खर्च करणाऱ्या उमेदवाराची पाच वर्षांची मिळकत निवडणुकीतच संपते. सभाभत्ता तेवढा उरतो. आणि प्रत्यक्षातील खर्च कागदावरच्या मर्यादेत राहतो, यावर कोणाचाही विश्वास नाही. मग उरलेला खर्च कोठून भरून निघतो, हा प्रश्न विचारला, की टक्केवारी, बिल्डर, ठेकेदार या परिचित शब्दांपाशी आपण पोहोचतो. पूर्ण वेळ काम अपेक्षित, मोबदला नाममात्र आणि प्रवेशशुल्क अवाढव्य, अशी रचना केल्यावर तेथे शिक्षक, परिचारिका वा सामान्य नोकरदार उमेदवार म्हणून दिसत नाहीत, याचे आश्चर्य कशाला?

त्यात प्रभागरचनेचा खेळ आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा आणि २०२६ मध्येही बहुतांशी चौघांचाच. प्रत्येक वेळी सोय पाहिली गेली ती सत्तेवर असलेल्यांची. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले गेले. एका प्रभागात पाऊण लाखाहून अधिक लोकसंख्या आणि तिच्यावर चार प्रतिनिधी. रस्ता झाला तर श्रेय चौघांचे. खड्डा पडला तर तो उरलेल्या तिघांचा! एवढ्या विस्तारात प्रचार करायचा तर पक्षाची यंत्रणा आणि पैसा हवाच. त्यामुळे वस्तीत वर्षानुवर्षे काम केलेल्या अपक्ष कार्यकर्त्याची वाट जवळपास बंद होते. निवडून आल्यानंतरही सदस्याला पक्षाच्या गटात नोंदणी करावी लागते आणि १९८६ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली पक्षादेश पाळावा लागतो. प्रभागाच्या हिताविरुद्धच्या प्रस्तावावर त्याचे मत बव्हंशी आधीच ठरलेले असते.

महिलांच्या आरक्षणाने या चित्रात एक खरा बदल केला. २०११ मध्ये राज्याने स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखल्या. मुंबईच्या २२७ पैकी ११४ जागा आता महिलांच्या आहेत. ‘नगरसेविकेचे यजमान’ नावाचे एक अनधिकृत पद त्यातून निर्माण झाले, हे नाकारता येत नाही. पण पहिल्या वर्षी पतीने लिहून दिलेले वाचणारी सदस्या तिसऱ्या वर्षी अधिकाऱ्याला आकडे विचारू लागते, हेही सभागृहांनी पाहिले आहे. तिला कामाचा अनुभव येतो न येतो, तोच आरक्षणाची सोडत फिरते आणि प्रभाग हातून जातो. जो मतदारसंघ पुढच्या वेळी आपला नसणार, तेथील दीर्घकालीन प्रश्नात कोण जीव ओतणार?

दरम्यान सभागृहाबाहेर शहराची सूत्रे इतरत्र जात आहेत. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, सिडको, मेट्रोच्या कंपन्या या सर्वांचे निर्णय नगरसेवकांच्या अखत्यारीबाहेर होतात. जकात गेली आणि वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी राज्याकडे पाहण्याची वेळ आली. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय शहरांसाठी नमूद केले आहेत. त्यांतील किती विषय खऱ्या अर्थाने सभागृहाच्या हाती आले, याचा ताळेबंद मांडण्याची उत्सुकता कोणत्याही राज्य सरकारने दाखवलेली नाही. आमदाराला आपल्या मतदारसंघात प्रबळ नगरसेवक नको असतो, हे यामागचे साधे राजकारण.

मग नागरिकांनी काय करावे? प्रभाग समितीच्या बैठका होतात, त्यांचे इतिवृत्त मागता येते. क्षेत्रसभांची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. त्या भरवा, असा आग्रह धरता येतो. आपला नगरसेवक किती सभांना हजर होता, त्याने किती प्रश्न विचारले, विकास आराखड्यातील कोणत्या बदलाला हात वर केला, याची नोंद माहितीच्या अधिकारात मिळू शकते. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पाच हजारांच्या रंगकामावर तासभर भांडणाऱ्या मध्यमवर्गाने हजारो कोटींच्या अंदाजपत्रकाकडे पाठ फिरवावी, हे शोभणारे नाही.

एक जुना प्रसंग येथे आठवतो. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पैसे खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे म्हणून त्यांनी त्याला विरोध केला. प्रस्ताव त्यामुळे थांबला नाही. पण लोकांच्या पैशाचा हिशेब भर सभेत विचारणारा एक सदस्य त्या सभागृहात होता, हे आज जवळपास दीडशे वर्षांनंतरही सांगितले जाते. त्या सभेत ‘हो’ म्हणणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. नव्या सभागृहांत नुकतेच आसनस्थ झालेल्या सदस्यांनी एवढे लक्षात ठेवले, तरी पुष्कळ झाले.