मेक्सिकोचा झेंडू आणि शिरूर कासारचा कोयता

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात १ जानेवारी २०२४ पासून एक नवा कायदा अमलात आला. वंश वा वर्ण यांच्या आधारे विशिष्ट समूहांसाठी शासकीय विद्यापीठांनी स्वतंत्र कार्यालये चालवू नयेत, असे त्याचे थोडक्यात सार. ऑस्टिन येथील विद्यापीठाने त्याच सुमारास आपले बहुसांस्कृतिक केंद्र बंद केले. या केंद्राच्या आधाराने सण-समारंभ साजरे करणाऱ्या विद्यार्थी गटांचे साहाय्य थांबले. त्यांत मेक्सिकन आणि अन्य लॅटिन वंशाची मुले-मुलीही होती. जागा आणि पैसा आता ज्याने त्याने उभा करायचा.

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्याचा या बातमीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. त्यासाठी हे गट मुळात कोणी स्थापन केले ते पाहिले पाहिजे. १९४२ ते १९६४ या काळात दोन्ही देशांतील करारान्वये लाखो मेक्सिकन मजूर अमेरिकेच्या शेतांत हंगामी कामासाठी नेले जात. त्यांच्या हाती आखूड दांड्याची कुदळ दिली जाई. दिवसभर कंबर वाकवूनच काम करावे लागे; पाठीचे मणके कायमचे निकामी होत. कॅलिफोर्नियाने १९७५ साली या अवजारावर बंदी घातली. असे अवजार आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. मेक्सिकन मजुरांच्या पुढच्या पिढीतील मुले महाविद्यालयांत पोहोचू लागली, तेव्हा १९६९ साली सांता बार्बरा येथे त्यांच्या विद्यार्थी संघटनेचा पाया घातला गेला. लोकनृत्य, संगीत, सण हे सारे त्या संघटनेच्या कार्यक्रमांत होतेच. पण आपल्या आईबापांच्या श्रमाची लाज वाटू नये, ही त्यामागची प्रेरणा होती.

हे सण बव्हंशी आपल्याच श्रद्धेचे आहेत. २ नोव्हेंबर, म्हणजे सर्व मृत विश्वासणाऱ्यांचा दिवस, मेक्सिकन विद्यार्थी वेदी मांडून साजरा करतात. वेदीवर मृतांची छायाचित्रे, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचे अन्न आणि झेंडूच्या फुलांच्या राशी असतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला आणि दफनभूमीतील कबरींवर वाहिला जाणारा हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. (मका, मिरची, टोमॅटो हीही तिकडचीच देणगी, आणि 'चिकू' हा शब्दसुद्धा तेथील नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला!) १२ डिसेंबर हा ग्वादालुपेच्या मातेचा सण. १५३१ साली पवित्र मरियेने हुआन दिएगो या आदिवासी गृहस्थाला दर्शन दिले, आणि ती त्याच्याशी नाहुआत्ल भाषेत बोलली, अशी तेथील ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. जेत्यांच्या स्पॅनिश भाषेत ती बोलली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली हुआन दिएगो यांना संतपद बहाल केले. १९६६ साली शेतमजूर डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत पायी निघाले, तेव्हा मोर्चाच्या अग्रभागी याच मातेचा ध्वज होता.

तिसरा सण 'पोसादा'. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ संध्याकाळी लोक योसेफ आणि मरिया यांच्या मूर्ती घेऊन दारोदार आश्रय मागत फिरतात. गाण्यातूनच मागणी होते आणि गाण्यातूनच नकार मिळतो. शेवटच्या घराचे दार मात्र उघडते. मग प्रार्थना आणि खाणेपिणे.

नेमक्या याच दिवसांत शिरूर कासार तालुक्यातील असंख्य कुटुंबे घराबाहेर असतात. सिंदफणेच्या काठचा हा प्रदेश अवर्षणाचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. फडाशेजारी कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो, एकटा माणूस 'अर्धा कोयता'. हाताशी आलेला महाविद्यालयीन मुलगाही अनेकदा या हिशेबात धरला जातो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सत्र परीक्षा आणि गळीत हंगाम एकमेकांवर येतात. प्राध्यापकाच्या लेखी तो केवळ 'गैरहजर' असतो.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. हंगामी वसतिगृहे आहेत. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ती नीट चालली पाहिजे, हा आपला पहिला आग्रह असावा. कारण जेथे निवाराच नाही तेथे संस्कृतीच्या गोष्टी पोकळ ठरतात. अमेरिकेतही स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी आधार देणारा एक केंद्रीय कार्यक्रम १९७२ पासून चालत आला. २०२५ मध्ये तेथील शासनाने त्याचा निधी पूर्णतः थांबविण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी जुलैमध्ये सॅन बर्नार्डिनोचे महागुरुस्वामी आल्बेर्तो रोहास, जे स्वतः मेक्सिकोत जन्मले आहेत, यांना धरपकडीच्या भीतीने घराबाहेर पडू न शकणाऱ्या भाविकांना रविवारच्या मिस्साच्या बंधनातून सूट द्यावी लागली. अशा वातावरणात वेदीवर आजोबांचे छायाचित्र मांडणारा विद्यार्थी केवळ मनोरंजन करीत नसतो.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पोवाडा, भारूड, गोंधळ रंगतात, ही समाधानाची बाब. तथापि रंगमंचावर भारूड गाणारा विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत आईवडील काय करतात हे सांगताना 'शेती' एवढेच उत्तर देतो. हा अनुभव मराठवाड्यात मुलांमध्ये वावरलेल्या कोणाही धर्मगुरूला नवा नाही. आपल्या मिशन बोर्डिंगांत वाढलेली काही मुले तर कोयता आणि क्रूस दोन्ही लपवितात. बायका पहाटे मोळ्या बांधताना ज्या ओव्या म्हणतात, त्या कोणी लिहून घ्यायच्या?

मेक्सिकोने एका मराठी माणसाला वेगळे वागविले होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे स्वातंत्र्यासाठी देशाबाहेर पडले, अमेरिकेत कृषिशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषी शाळा चालविल्या, मक्यावर संशोधन केले. दिएगो रिवेरा या चित्रकाराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील चित्रात त्यांना भाकरी वाटून घेणाऱ्यांच्या पंक्तीत बसविले. १९६७ साली ते नागपुरात निवर्तले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. परक्या देशाने आमच्या माणसाचे श्रम भिंतीवर रंगविले, आणि आम्ही त्याचे नाव पाठ्यपुस्तकात शोधत बसतो!

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत आणले. लोकभाषेची वाट आपल्या ख्रिस्तसभेला तेव्हापासून ठाऊक आहे. १९२४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय कॅथोलिक विद्यापीठ संघटना, म्हणजे 'आयकफ', शताब्दी ओलांडून पुढे आली आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांत तिच्या किंवा अन्य नावाने ख्रिस्ती विद्यार्थी एकत्र येत असतील, तर त्यांनी ऊसतोड कामगारांच्या मुलांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, सोबत घ्यावे. नाताळच्या कार्यक्रमात चित्रपटगीतांवरील नाचाऐवजी एक संध्याकाळ फडातल्या ओव्यांना द्यावी. शक्य झाल्यास जवळच्या कारखान्याच्या तळावर जाऊन कोप्यांपुढेच नाताळची गीते म्हणावीत. पोसादासाठी मेक्सिकोला जाण्याचे कारण नाही. मात्र कार्यक्रमाची वेळ ठरविताना टोळीच्या मुकादमाला आधी विचारावे लागेल. कारण गाडी भरायची पाळी रात्रीची असते आणि लोक पहाटे चारला पुन्हा फडात उतरतात.