नाचता येईना, ट्रिगर जड!

मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल की विकेंडला निवांत चहा पीत बसलो होतो आणि ह्याने डोकं खाल्लं.

इथे अमेरिकेत आपली काही आयटीवाली मंडळी रविवारी क्रिकेट सोडून पिस्तुलाच्या मॅचला जातात. मीही जातो. (एच-वन-बीवर असाल तर आधी कायदा वाचा. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. 'मित्र म्हणाला चालतं' हा बचाव कोर्टात चालत नाही.) खेळाचं नाव यूएसपीएसए. मूळ आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी १९७६ मध्ये मिसूरी राज्यातल्या कोलंबियाला स्थापन झाली, त्याची ही अमेरिकन शाखा. प्रकार सोपा आहे: टायमर वाजला की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, पळत पळत पुठ्ठ्याच्या टार्गेटांवर बहुतेक वेळा दोन-दोन गोळ्या मारायच्या, मध्येच मॅगझिन बदलायचं. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, म्हणजे तुमचा हिट फॅक्टर. गणित आवडणाऱ्या माणसाला वेड लागावं असाच खेळ.

आणि वेड लागतंच, फक्त भलतीकडे. नवा गडी ग्लॉक किंवा तसलंच पॉलिमर फ्रेमचं पिस्तूल घेतो, दोन मॅच खेळतो, खालून तिसरा येतो. तिसऱ्या मॅचच्या आधी काय करतो? सराव? छे! ट्रिगर बदलतो. मग स्प्रिंगा. मग नळी. मग यूट्यूब बघून सोल्डरिंग आयर्नने मुठीवर ठिपके पाडतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चौथ्या मॅचला येतो... खालून तिसराच. पण आता बोलायला विषय भरपूर!

माझं म्हणणं एका वाक्यात: ज्याने अजून स्वतःच्या चुका टायमरवर मोजल्या नाहीत, त्याने पिस्तुलाच्या पोटात हात घालू नये. पैसे वाया जातात हे त्याचं धाकटं कारण. थोरलं पुढे येतंय.

आधी धाकटं. आपण इंजिनियर आहोत ना? मग प्रोफायलर लावूया. समजा एका स्टेजवर ८ टार्गेट, १६ गोळ्या, जास्तीत जास्त ८० गुण. ९ एमएमला 'मायनर' गुणांकन धरू: मधल्या ए पट्ट्यात ५, सी पट्ट्यात ३. आपला गडी १२ ए आणि ४ सी मारतो, म्हणजे ७२ गुण, २० सेकंदांत. हिट फॅक्टर ३.६०.

आता हलका ट्रिगर बसवला आणि प्रत्येक गोळीमागे दोन शतांश सेकंद वाचले असं धरा (मी उदार झालोय). १६ गोळ्यांचे मिळून ०.३२ सेकंद. हिट फॅक्टर ३.६६. वा!

त्याऐवजी मॅगझिन बदलण्यात आणि पाय हलवण्यात मिळून एक सेकंद वाचवला तर? ३.७९. तेवढ्याच वेळात चारही सी सुधारून ए केले तर? ४.००. आणि एक ए मारायच्या ऐवजी गोळी पुठ्ठ्याबाहेर गेली तर? ते ५ गुण गेले, वर १० चा दंड. उरले ५७, हिट फॅक्टर २.८५. म्हणजे सगळा घोटाळा आहे नेमात आणि पायांत, आणि आपण ऑप्टिमाइझ करतोय भलतंच फंक्शन. ट्रिगर किटला साधारण दीडशे-दोनशे डॉलर पडतात. आजच्या भावात तेवढ्यात सहा-सातशे गोळ्या येतात. आणि घरी रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून केलेला ड्राय फायरचा सराव तर फुकट आहे! पण फुकटच्या गोष्टीचा फोटो टाकता येत नाही, हीच अडचण असावी.

आता थोरलं कारण.

ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये स्वीकारलं. पॉलिमर फ्रेम त्याच्या आधीही होती (हेकलर अँड कॉखचं व्हीपी७० हे १९७० चं), पण ती जगाच्या गळी उतरवली ग्लॉकनेच. बाजूला दाबायचं सेफ्टीचं बटण नाही, तरी भरलेलं पिस्तूल पडलं तर उडू नये अशी रचना. हे कसं जमतं? तुम्ही ट्रिगर मागे ओढता तेव्हा तो तीन कामं करतो: अर्धवट ताणलेली फायरिंग पिन पूर्ण ताणतो, तिला अडवून धरणारी खुंटी वर उचलतो, आणि ट्रिगरला जोडलेली पट्टी तिच्या आधारावरून खाली सरकवून पिन मोकळी करतो. मूळ ट्रिगरला साधारण अडीच किलो जोर लागतो तो ह्या सगळ्यासाठी. म्हणजे ज्याला आपण 'ओव्हरहेड' समजून छाटायला बसलोय, ते एरर हँडलिंग आहे!

पिनची स्प्रिंग हलकी केली की प्रायमरवर ठोका कमी पडतो, आणि मॅचमध्ये 'क्लिक' ऐकू येतं. हा त्यातल्या त्यात बरा परिणाम. दुसरीकडे, जिथे दोन भाग मिलिमीटरच्या अंशाने एकमेकांना धरून असतात तिथे कुणीतरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पॉलिश करत असतो. त्याची टेस्ट केस काय? 'पाच वेळा दाबून बघितलं, मस्त वाटतंय.' असा कोड रिव्ह्यूला आला तर आपण तो लिहिणाऱ्याला काय म्हणू, ते इथे छापण्यासारखं नाही.

आणि ही गोष्ट भल्याभल्यांना चकवते. सिग सावरचं पी३२० घ्या. २०१७ च्या जानेवारीत त्याच्यावर आधारलेलं पिस्तूल अमेरिकन लष्कराने निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला बाजारातल्या पी३२० साठी ऐच्छिक अपग्रेड जाहीर करावं लागलं, कारण विशिष्ट कोनात पडल्यावर ते उडू शकतं असं चाचण्यांत दिसलं होतं. आपटल्यावर ट्रिगर स्वतःच्याच जडत्वाने मागे जायचा. उपाय म्हणून आतले भाग बदलले आणि ट्रिगर वजनाला हलका केला. लक्षात घ्या, त्या सुट्या भागाचं वजन कमी केलं. बोटाला हलकं वाटावं म्हणून केलेला तो उद्योग नव्हता. प्रयोगशाळा, पैसा, तज्ज्ञ असं सगळं असलेल्या कंपनीला जे निसटलं, ते आपल्याला ओट्यावर दिसणार?

इथे एक हुशार मनुष्य हमखास म्हणतो, 'अरे, ऑलिंपिकवाल्यांचे ट्रिगर बघ किती हलके असतात!' बघितलेत. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यात ट्रिगरला किमान १००० ग्रॅमचा नियम आहे, आणि ते वजन टांगून तपासतात. म्हणजे तिथेही खालची मर्यादा आहेच. मुख्य म्हणजे ते पिस्तूल टेबलावर असतं. जागेवर उभं राहून एका हाताने उचलायचं. कुणी ते कमरेला लावून पळत नाही, गुडघ्यावर बसत नाही, घामेजल्या हाताने होल्स्टरमधून ओढत नाही. आपल्या खेळात हे सगळं होतं, आणि हातभर अंतरावर टायमर घेतलेला रेंज ऑफिसर मागेमागे चालत असतो. तोही कुणाचा तरी बाप असतो, आणि रविवारची झोप मोडून फुकटात आलेला असतो. भरलेलं पिस्तूल हातातून पडलं तर तुम्ही मॅचमधून बाद, हे ठीकच. पण सुटलेली गोळी नियमपुस्तक वाचत नाही. शिवाय आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे पिस्तूल एकच असतं. शनिवार-रविवारी मॅचला, बाकी पाच दिवस घरात. त्याच घरात पोरंबाळं असतात.

सोल्डरिंग आयर्नवाल्यांना वेगळं दोन शब्द. पॉलिमर एकदा वितळलं की वितळलं, त्याला रोलबॅक नाही. अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने ग्लॉकची ती फ्रेम म्हणजेच बंदूक, नंबराची धातूची पट्टी तिच्यातच बसवलेली असते. बाकी सगळे सुटे भाग. म्हणजे जो एकच भाग सहज बदलून मिळत नाही, त्यावरच तुम्ही रांगोळी काढताय!

मग काहीच बदलायचं नाही का? असं कुठे म्हणतोय? ग्लॉकची प्लास्टिकची मूळ साइट खुशाल बदला. फायबर ऑप्टिकचा ठिपका दिसायला सोपा जातो, आणि पिस्तूल उडण्या-न उडण्याशी त्याचा संबंध नाही. मूठ घसरते तर खरखरीत टेप लावा, नको झाली की सोलून टाका. नियमात बसत असेल तर मॅगझिनची तोंडं रुंद करा. लांब नळीचं हवंय तर ग्लॉक ३४ आहेच, कारखान्यातून तपासून आलेलं. आणि खरंच ट्रिगरपर्यंत पोचलात, हजारो गोळ्या मारून, टायमरवरचे आकडे वहीत लिहून, आता इथेच अडतंय हे कागदावर दिसलं, तर जाणकार गनस्मिथकडे द्या, आणि प्रत्येक सेफ्टी त्याच्याकडून समोर तपासून घ्या. ह्याला माझी काहीही हरकत नाही. मात्र तिथवर पोचलेला माणूस बहुतेक वेळा तेच जुनं पिस्तूल घेऊन आपल्याला धूळ चारत असतो.

जाता जाता एक गंमत. ज्या विभागात ही कारखान्यातून आलेली पिस्तुलं चालतात, त्याचं नाव काय आहे माहितीये? प्रॉडक्शन.

आता मला सांगा, शुक्रवारी संध्याकाळी, टेस्टिंगशिवाय, थेट प्रॉडक्शनमध्ये पॅच मारणाऱ्याला तुमच्या टीममध्ये काय म्हणतात?