नाव खादीचे, सूत गिरणीचे

नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज सिद्ध होतो आणि त्याचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणले जाते, ही गोष्ट मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशीच आहे. परंतु जेथे खादी इतक्या निगुतीने निर्माण होते, तेथील ग्राहक बाजारातून ‘खादी’ म्हणून नेमके काय घेऊन घरी जातो, याची चौकशी कोण करणार?

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. हातांनी कातलेल्या सुती, रेशमी वा लोकरीच्या धाग्यापासून भारतात हातमागावर विणलेले कापड तीच खादी, अशी व्याख्या १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोग अधिनियमाने केली आहे. खादीमार्कचे लेबल असल्यावाचून कोणतेही कापड खादी म्हणून विकू नये, असे २०१३ चे विनियम सांगतात. नियमांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो अंमलबजावणीचा.

ती उणीव भरून काढण्यासाठी आयोगाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. खादीच्या नावावर हक्क सांगून २०१८ मध्ये एका मोठ्या वस्त्रविक्रेत्या कंपनीकडून आयोगाने मुंबई उच्च न्यायालयात ५२५ कोटी रुपयांची भरपाई मागितली. मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘खादी डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया’ या नावाने चाललेल्या व्यवहाराला मनाईहुकूम बजावला. या तत्परतेचे आम्ही स्वागतच करतो. मात्र मनाईहुकूम हा दाव्यातील प्रतिवादीलाच बांधतो, शेजारच्या दुकानदाराला नव्हे. तो मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, त्याला तुरुंगवासही घडू शकतो; पण त्यासाठी कोणीतरी पुन्हा न्यायालयात जावे लागते. दिल्लीच्या हुकमाची धग लातूरच्या गंजगोलाईपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

काही जण म्हणतील, गरिबाला स्वस्त कापड मिळते, मग ही उठाठेव कशाला? स्वस्त कापड विकण्यास आमची हरकत नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रनिर्मित आणि पॉलिएस्टरचा राष्ट्रध्वजही वैध ठरला आहे. पॉलिएस्टरला पॉलिएस्टर म्हणून विकणे हा व्यापार. त्याला खादी म्हणणे ही लबाडी. त्या लबाडीत गिऱ्हाईक फसते तेवढ्यावर भागत नाही. चरख्यावर बसलेल्या बाईची मजुरी तिच्याच कष्टाच्या नावाने दुसरा कोणी खिशात घालतो. हातकताईला वेळ अधिक लागतो, म्हणून कापड महाग पडते. नकली मालाशी भावात झुंजणे तिला कधीच शक्य होणार नाही.

तेव्हा आयोगाने महानगरांतील बड्या प्रतिवादींवरच समाधान मानू नये. व्यापारचिन्हाच्या भंगाचा दावा जिल्हा न्यायालयातही लावता येतो. नांदेड आणि लातूर येथे तो मार्ग अवलंबावा. व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांना वेळीच समज द्यावी. आणि ग्राहकाने खादीमार्क पाहूनच माल घ्यावा, पावतीवर ‘खादी’ हा शब्द लिहवून घ्यावा. फसगत झालीच, तर तीच पावती जिल्हा ग्राहक आयोगापुढे त्याच्या बाजूने बोलेल.

ध्वजाचे कापड विणणाऱ्या भूमीत तरी खादी या शब्दाला बाजारात खोटे पडू देता कामा नये.