फौजा हव्यात की नकोत?



वाशिमच्या बैठकीत ‘इसिस’वरून आमचे कडाक्याचे भांडण झाले. परकीय फौजा नकोत, हे मी नेहमीच म्हणत आले. २००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये घुसली, त्या पडझडीतच ही संघटना फोफावली. २०१४ मध्ये आपल्या कल्याणची चार मुले तिकडे गेली! पण त्याच ऑगस्टमध्ये सिंजारच्या डोंगरावर अडकलेल्या यझिदींसाठी अमेरिकी विमानांनी अन्नपाणी टाकले, बॉम्बहल्लेही केले. खाली यझिदी बाया विकल्या जात होत्या. ती मदत नको होती, असे मला म्हणवत नाही. मात्र २००१ मध्ये स्त्रियांचे नाव घेत अफगाणिस्तानात गेलेले सैन्य २०२१ मध्ये परतले, नि सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. वेढा मोडण्यापुरती मदत, हो. राज्य बसवायला, नाही. बैठकीत एवढ्यावरही एकमत झाले नाही.