शेजारच्या पाच देशांचा समुद्र, पण सामाईक कायदा नाही

मे २०२१. सिंगापूरचा झेंडा लावलेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ या मालवाहू जहाजावरील एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. कतारमधील हमद आणि गुजरातमधील हाजिरा या दोन्ही बंदरांनी तो कंटेनर उतरवून घेतला नाही. जहाज तसेच पुढे कोलंबोला गेले, २० मे रोजी पेटले आणि जूनमध्ये बुडाले. सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे समुद्रात आणि किनाऱ्यावर पसरले. मासेमारी बंद झाली आणि हातावर पोट असलेल्या हजारो कुटुंबांची चूल थंडावली.

चार वर्षांनी, २५ मे २०२५ रोजी, लायबेरियाचा झेंडा असलेले ‘एमएससी एल्सा ३’ केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते आणि त्यातील १३ मध्ये धोकादायक माल होता. त्याचे प्लास्टिकचे दाणे केरळ, तामिळनाडू आणि पुढे श्रीलंकेच्या किनाऱ्यापर्यंत गेले. म्हणजे आपण नाकारलेल्या जहाजाची झळ श्रीलंकेला बसली आणि आपल्याकडे बुडालेल्या जहाजाचा कचराही तिच्याच किनाऱ्याला लागला.

मग या देशांमध्ये काही व्यवस्थाच नाही का? आहे, पण ती कागदावर. भारत, बांगलादेश, मालदीव, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी १९९५ मध्ये दक्षिण आशियाई समुद्रांसाठी कृती आराखडा स्वीकारला. तेल आणि रसायनांच्या गळतीवेळी परस्परांना मदत करण्याच्या सामंजस्य कराराला आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. परंतु आराखडा आणि सामंजस्य करार म्हणजे बंधनकारक कायदा नव्हे. संकटातल्या जहाजाला कोणत्या बंदराने जागा द्यायची, शेजाऱ्याला किती तासांत कळवायचे, सफाईचा खर्च आधी कुणी करायचा, याची सक्ती त्यातून येत नाही. १७ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला खोल समुद्राचा जागतिक करारही इथे पुरा पडत नाही. तो कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरील समुद्रापुरता आहे आणि हे दोन्ही अपघात किनाऱ्याजवळचे आहेत.

“पाकिस्तानसोबत कसला कायदा?” असे काही जण विचारतील. बाल्टिक समुद्राकडे पाहा. शीतयुद्ध चालू असताना, १९७४ मध्ये, सोव्हिएत संघ आणि दोन्ही जर्मनींसह सात देशांनी हेलसिंकी करार केला. भूमध्य समुद्राच्या १९७६ च्या बार्सिलोना करारात इस्रायल आणि लेबनॉन दोघेही आहेत. मैत्री झाल्यावरच कायदा होतो, असे नाही.

असा कायदा नसेल तर प्रत्येक देश एकटा कोर्टात लढतो. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १ अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला, पण जहाज कंपनीने ती देण्यास नकार दिला. केरळ सरकारने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा केला. उच्च न्यायालयाने तूर्त १,२२७ कोटींची हमी मागितली. मुंबईनेही हे भोगले आहे. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’च्या टकरीनंतर तेल पसरले आणि इथल्या कोळीवाड्यांचा धंदा बसला.

सामाजिक कार्यकर्त्यांनी इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. भरपाईचा हिशेब बोटीपासून सुरू होतो. बोट नसलेला खलाशी, बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई, मासळी सुकवणारी मजूर यांच्याकडे नुकसान सिद्ध करणारा कागद नसतो. उतरंडीत जो सर्वात खाली, तो यादीत सर्वात शेवटी. हे आपल्याला नवीन नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. पाच देशांचा बंधनकारक सागरी करार, आश्रय देणाऱ्या बंदरांची आधीच ठरलेली यादी, गळतीची सूचना देण्याची सक्ती आणि जहाज कंपन्यांच्या पैशातून उभा राहणारा सामाईक निधी. त्या निधीतून बोट नसलेल्या श्रमिकांनाही पहिल्या महिन्यापासून मदत मिळावी. संविधानाचा अनुच्छेद २५३ संसदेला आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संपूर्ण देशाला लागू होणारा कायदा करण्याचा अधिकार देतो, विषय राज्यसूचीतला असला तरी. अधिकार आहे, उदाहरणेही आहेत. आपल्या खासदाराला हा प्रश्न संसदेत विचारायला लावणे, ही सुरुवात आपण करू शकतो. पुढचे जहाज बुडण्याची वाट कशाला पाहायची?