दिलेला शब्द आणि दुरुस्तीची मुदत

पेढीची वा घराची दुरुस्ती काढली की मुदत प्रथम ठरते आणि प्रथम मोडते. या दिरंगाईचा हिशेब मात्र वहीत क्वचितच मांडला जातो. द.सा.द.शे. १२ दराने २० लाख रुपयांचे कर्ज काढले असेल, तर लांबलेल्या प्रत्येक महिन्यास २० हजार रुपये व्याज पडते. पर्यायी जागेचे भाडे वेगळेच. दिवाळीचा हंगाम हुकला, तर दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही.

दोष सहसा कारागिरांच्या आळसावर ढकलला जातो. परंतु बहुतेक वेळ कामात नव्हे, वाट पाहण्यात जातो. फरशीवाला येतो तेव्हा पाइपांची चाचणी झालेली नसते. रंगारी येतो तेव्हा गिलावा ओला असतो. सुतार येतो तेव्हा सनमायकाचा रंग मालकानेच ठरवलेला नसतो.

वाट पाहणे आणि गरजेआधी माल साठवणे ही उधळपट्टीच होय, हे जपानमधील टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी दाखवून दिले. तोच विचार ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत बांधकामास लावला. आठवड्याच्या आरंभी ठरवलेल्या कामांपैकी सुमारे ५४ टक्केच कामे वेळेवर होतात, असे त्यांना आढळले. त्यातून ‘लास्ट प्लॅनर’ ही पद्धत घडली. शेवटचा नियोजक म्हणजे उद्या कोणते काम कोणी करायचे हे प्रत्यक्ष ठरवणारा, अर्थात आपला मुकादम.

पद्धत साधी आहे. ताबा घेण्याच्या तारखेपासून मागे मोजत यावे आणि प्रत्येक कारागिरास विचारावे, ‘तुमचे काम सुरू होण्याआधी काय पूर्ण हवे?’ पुढील सहा आठवड्यांतील अडथळे, म्हणजे माल, परवानगी, निर्णय, पैसे, आधीच दूर करावेत. ज्या कामाची सर्व तयारी झाली आहे, तेवढ्याचाच शब्द या आठवड्यासाठी घ्यावा. शनिवारी दहापैकी किती शब्द पाळले गेले ते मोजावे आणि न पाळल्याचे मूळ कारण शोधावे. हे मोजणे दंडासाठी नसून पुढील आठवडा सुधारण्यासाठी असते.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीत २०१० साली ६,५१४ खिडक्यांचे नूतनीकरण झाले, त्यातही हेच तत्त्व दिसते. खिडक्या दूरच्या कारखान्यात पाठवण्याऐवजी इमारतीतच कार्यशाळा थाटली गेली. काढलेली खिडकी तेथे सुधारून पुन्हा बसवायची, असा अखंड क्रम चालला. जुन्या काचा बहुतांशी वापरात आल्या आणि भाडेकरूंची कार्यालये चालूच राहिली. चालू दुकानाची दुरुस्ती करणाऱ्याने यातून एवढे घ्यावे, की सारी जागा एकदम उकरण्यापेक्षा एकेक भाग पूर्ण करून पुढे सरकावे.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. सिमेंटच्या गिलाव्यास पाणी मारण्याचे दिवस ही उधळपट्टी नव्हे. ते कापल्यास भिंत पुढे त्याची वसुली करते. तसेच जुन्या भिंतीच्या पोटात काय दडले आहे, हे आरंभीच एक-दोन ठिकाणी फोडून पाहावे, म्हणजे अर्ध्या कामात नवा खर्च उभा राहत नाही.

शेवटचा मुद्दा मालकाचा. फरशीची निवड सोमवारपर्यंत कळवतो, हप्ता गुरुवारी देतो, हेही शब्दच आहेत. त्यांची नोंद कारागिरांच्या शब्दांबरोबर त्याच कागदावर व्हावी. पत ही दोन्ही बाजूंनी जपायची गोष्ट आहे, हे व्यापारी घराण्यांस ठाऊकच आहे. बाजारात पाळला जाणारा शब्द घरच्या बांधकामावरही पाळला गेला, तर मुदत आपोआप पाळली जाऊ लागते.