एमएसच्या रुग्णासाठी जोडीची औषधे

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा नसांवरील आवरणच खराब करते. मग नजर धूसर होते, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. बहुधा तरुण वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा जास्त आढळतो. तो संसर्गाने पसरत नाही. त्यामुळे घरातल्या सुनेला हा आजार झाला, तर तिचे ताट-पेला वेगळे करण्याचे काहीच कारण नाही.

झटके कमी करणारी मुख्य औषधे मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतात. नायगावकडचे लोक त्यासाठी नांदेड, लातूर किंवा हैदराबाद गाठतात. पण रोजचा दिवस सुसह्य होतो तो जोडीच्या औषधांनी. त्यांनी आजार बरा होत नाही, त्रास मात्र कमी होतो.

पाय ताठरत असतील तर बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन देतात. बॅक्लोफेन एकाएकी बंद करू नये. फिट किंवा भ्रम होऊ शकतो. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच आणून ठेवाव्यात. टिझानिडिनसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन कधीही घेऊ नये. रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. लघवीच्या जंतुसंसर्गावर हे प्रतिजैविक सर्रास दिले जाते, म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी प्रत्येक डॉक्टरला आणि औषध दुकानदाराला दाखवा.

नसांच्या जळजळीसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन वापरतात. त्यांनी गुंगी येते. चुलीजवळ आणि गाडीवर जपावे. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणी पिणे सोडू नये. त्यावर सोलिफेनासिनसारखी औषधे आहेत, मात्र लघवी पूर्ण होते की आत राहते, हे आधी तपासावे लागते.

मराठवाड्याच्या उन्हात लक्षणे वाढतात आणि अंग थंड झाले की उतरतात. ओला टॉवेल, दुपारची विश्रांती हाही उपचारच आहे. ताप किंवा संसर्ग नसताना नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना भेटा.

रमजानबाबत एक महत्त्वाची गोष्ट. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी सहरी-इफ्तारमध्ये आपल्या मनाने विभागू नये. चालण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फॅम्प्रिडिनच्या दोन गोळ्यांत बारा तासांचे अंतर लागते; इफ्तार ते सहरी एवढा वेळ मिळत नाही, आणि अंतर कमी झाले तर फिटचा धोका वाढतो. म्हणून महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारा. त्यांनी रोजा नको म्हटले, तर आजाऱ्याला शरीअतने सवलत दिलेली आहे. "एवढ्याने काय होते" असे म्हणून अम्मीला किंवा बहिणीला कोणी भरीस घालू नये. मूल हवे असेल तेव्हाही गोळ्यांची यादी आधी डॉक्टरांसमोर ठेवावी.

खर्चासाठी जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी मिळते का, ते पाहा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत एमएस आहे. प्रमाणपत्रासाठी युडीआयडीचा अर्ज करा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले, तर अनेक योजनांची दारे उघडतात. 1985 साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना व कुटुंबांना मार्गदर्शन करते.

आजच एका कागदावर गोळीचे नाव, मात्रा आणि वेळ लिहा. तो कागद रुग्णाच्या पाकिटात असू द्या.